जुनवानीच्या वरच्या दोन खोल्या

मला माझ्या मैत्रिणीचा हेवा वाटतो, हे सरळच सांगून टाकते. बावीस वर्षं आम्ही भिलाईच्या स्टील प्लांटच्या क्वार्टरमध्ये भिंतीला भिंत लागून राहिलो. दोघींचे नवरे एकाच शिफ्टला जायचे. तेव्हाही हेवा वाटायचाच. तिची तुळस फोफावायची, माझी वाळायची. पण तो सगळा फुटकळ हेवा. आता जिच्यामुळे माझ्या पोटात दुखतं ती आहे तिच्या लकवा मारलेल्या नवऱ्याच्या खाटेशी बसणारी एक बाई.

ही बाई कुम्हारीहून बसने येते. सकाळी आठला मैत्रिणीच्या, भिलाईला लागून असलेल्या जुनवानीतल्या घरात शिरते, संध्याकाळी सहाला निघते. तेवढ्या वेळात त्याला आंघोळ घालते, कुशीवर वळवते, खिचडी भरवते, दाढीसुद्धा करते. मैत्रीण तोवर स्वयंपाक करते, बाजार करते आणि दुपारी चक्क झोपते. एकदा मी गेले तेव्हा ती झोपेतून उठून दार उघडायला आली. गालावर उशीची घडी उमटली होती. मला दुपारी झोपून किती दिवस झाले, ते मी घरी येईपर्यंत आठवत होते.

बाईचा पगार निघतो वरच्या दोन खोल्यांतून. नवऱ्याच्या रिटायरमेंटचा पैसा हाती आला तेव्हा मैत्रिणीने जुनवानीत प्लॉट घेतला, खाली घर बांधलं, वर दोन खोल्या काढल्या आणि कॉलेजच्या पोरींना भाड्याने दिल्या. तेव्हाच म्हणाली होती, "वैनी, हे भाडं मी खर्च नाही करत. हे आमच्या म्हातारपणच्या बाईचं." मी हसले होते. धडधाकट माणसांनी आपल्या लोळागोळा होण्याची तयारी करायची, हे मला अभद्रच वाटलं होतं.

आणि आम्ही काय केलं? गावी घर बांधलं. आमच्या विदर्भाकडच्या प्लांटवाल्यांचा हा जुनाच रोग. सगळी उमर भिलाईत काढायची आणि 'शेवटी गावालेच जाचं आहे' म्हणत राहायचं. तुमसरजवळच्या आमच्या गावात ह्यांनी स्लॅबचं घर उभं केलं, चकचकीत फरशी घातली, गेटवर स्वतःचं नाव कोरून घेतलं. वास्तूला तीनशे पानं उठली. आता दिवाळीचे चार दिवस आम्ही तिथली जाळी झाडतो, पुन्हा कुलूप लावतो आणि भिलाईच्या रुआबांध्यातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत परत येतो. कारण ह्यांच्या हातापायाला कंप सुटला आहे आणि त्याचा डॉक्टर इथे आहे.

प्लांटच्या दवाखान्याचं कार्ड आहे आमच्याकडे. भरती केलं तर ते चालतं. पण कार्ड काही घरी येऊन पाठ चोळून देत नाही. मागच्या श्रावणात हे बाथरूममध्ये घसरले. माझे गुडघे हे असे, मला काही उचलता येईना. ह्यांच्या अंगावर टॉवेल टाकला आणि पाट घेऊन शेजारी बसून राहिले. दूधवाला आला तेव्हा दोघांनी मिळून उठवलं. ह्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. तेव्हापासून पुन्हा पडले तर काय, एवढं एकच माझ्या डोक्यात घोळतं. मुलगा पुण्यात फ्लॅटचे हप्ते फेडतो आहे. त्याच्याकडे मागायला मला तोंड नाही.

घर विकायचं म्हटलं की हे म्हणतात, "कावून विकाचं? मले तिथंच मराचं आहे."

"मराचं तिथं. तोवर जगाचं कुठं?" मी विचारते. मग ते टीव्हीवर बातम्या लावतात.

या दिवाळीनंतर मी जुनवानीला गेले ती मनात पाप घेऊनच. मैत्रीण औषधं आणायला गेली होती. बाई चादरींच्या घड्या करत होती. खाटेवर तिचा नवरा जागा होता. त्याला बोलता येत नाही, ऐकू मात्र सगळं येतं. मी त्याच्याकडे पाठ केली आणि हळूच म्हटलं, "हमारे यहाँ आएगी? यहाँ से ज़्यादा दूँगी." कुठून देणार होते, देव जाणे. ती माझ्याकडे असावी आणि हिच्याकडे नसावी, एवढंच मला हवं होतं.

बाईला काही नवल वाटलं नाही. "आंटी, दीदी तो कब से बोल के रखी है. बाबूजी के बाद तुम्हारे ही घर जाना है. अंकल गिरते हैं, तुम्हारे घुटने में दम नहीं."

"और पगार?"

"बोली, ऊपर के एक कमरे का भाड़ा उसी में देगी. जब तक तुम लोग गाँव का मकान नहीं बेचते."

मला रडू यायला हवं होतं. आला तो राग. नवऱ्याच्या उशाशी बसून मैत्रीण आमचीही सोय लावत होती, आणि मी तिचीच बाई पळवायला आले होते. अंगाचा नुसता तिळपापड झाला. तेवढ्यात मैत्रीण आली, पिशवी ठेवून म्हणाली, "बसा वैनी, चहा टाकते." बाई पुन्हा चादरींकडे वळली. मी खाटेकडे वळले. तो माझ्याकडेच पाहत होता. चहा प्यायले आणि निघाले.

घरी येऊन टीव्ही बंद केला आणि ह्यांच्यासमोर फोन ठेवला. "गावातल्या पुतण्याले लावा. घराले गिऱ्हाईक पाहाले सांगा."

"कावून?"

"तिच्या भाड्याच्या पैशावर तुमची आंघोळ मी नाही होऊ देणार," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. बाईला काय विचारलं, तेही.

ह्यांनी फोन हातात घेतला. मग त्यांनी तो माझ्याकडे सरकवला.

"नंबर तूच दाब," म्हणाले. "माझा हात हालून राहिला."