पुढे अर्धा, मागे पाव

आमच्या संचातून इंजिन निघत नाही, हे मी फोनवर प्रत्येकाला आधीच सांगते. खोका उघडला की निघतात गनमेटलचे ओबडधोबड ओतीव तुकडे, पितळेच्या सळ्या, मूठभर स्क्रू आणि ड्रॉइंग. पुढे तुमचा लेथ आणि तुम्ही. घासा, कापा, भोकं पाडा, मग तळहातावर मावणारं वाफेचं इंजिन तयार होईल, तेही झालं तर. एवढं सांगूनही लोक विचारतात, घरच्या कुकरला जोडलं तर चालेल का? मी म्हणते, जोडा, आणि मग माझ्या नावाने शिमगा करा.

नगरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये ड्रॉइंग काढण्यात माझी उभी हयात गेली. निवृत्त झाल्यावर घरामागे पत्र्याची शेड टाकली, धातू फिरवून कापायचा छोटा लेथ घेतला आणि हौशी लोकांसाठी हे संच काढायला लागले. पहिल्याच संचाला अडचण आली ती माझीच. मला त्यात काहीच अवघड वाटेना. ज्याने जन्मात कानस धरली नाही तो कुठे अडखळेल, हे मला कुठून कळणार? पण त्यावर उपाय घरातच बसलेला होता, पेपर वाचत.

मास्तर म्हणजे माझे मिस्टर. सोनईकडच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. सगळा गाव मास्तर म्हणायचा, म्हणून मीही म्हणायला लागले. अक्षर असं की बघत राहावं, पण खिळा ठोकायला गेले की अंगठा ठोकून यायचे. शाळेत म्हणे कडक होते. पोरांचे भोवरे, खेळण्यातल्या गाड्या जप्त करायचे आणि शाळा सुटायच्या आत ज्याचं त्याला देऊन टाकायचे. पोरगं रडत घरी गेलं तर यांना जेवण जायचं नाही. असला कडकपणा. तर या माणसाला मी शेडमधल्या स्टुलावर बसवलं आणि नियम केला. इंजिन मास्तरांनी एकट्याने बांधायचं, मी हात लावायचा नाही. फिरलं तर संच विक्रीला जाईल. नाही फिरलं तर चूक ड्रॉइंगची, मास्तरांची नाही.

हात लावायचा नाही, हे बोलायला सोपं आहे. समोरचा माणूस उलटी कानस चालवतोय आणि आपण गप्प बसायचं! माझे हात शिवशिवायचे. म्हणून मी लसणाचं ताट घेऊन बसायला लागले. पहिल्या संचाच्या वेळी इतका लसूण सोलला की चर्चच्या मंडळीतल्या बायका रविवारी उपासनेनंतर चटणीचे डबे घेऊन गेल्या आणि विचारत राहिल्या, एवढी चटणी कशापायी?

त्या पहिल्या इंजिनात मास्तरांनी टॅप मोडला. टॅप म्हणजे भोकाच्या आत आटे पाडायचं हत्यार. काचेसारखं ठिसूळ. जोर लावून पुढे पुढे फिरवत गेलात की आत धातूचा कीस अडकतो आणि टॅप कट्कन तुटून भोकातच बसतो. सिलिंडर वाया. मी कपाळावर हात मारला आणि तोंडाचा पट्टा सुरू केला. मास्तरांनी तो संपेपर्यंत वाट बघितली. मग चष्मा पुसत माझं ड्रॉइंग उचललं आणि म्हणाले, "कुठे थांबायचं, हे यात कुठे लिहिलंय?"

लिहिलं नव्हतंच. मी लिहिलं होतं, 'टॅप मारणे'. टूलरूममध्ये एवढंच लिहितात. मास्तरांनी सगळा सूचनांचा कागद नव्याने लिहिला. 'टॅप अर्धा फेरा पुढे न्या, पाव फेरा मागे घ्या. तो अडला तर तुमच्यावर रागावलेला नाही, त्याला फक्त मागे यायचं आहे.' लोकांना ते इतकं आवडलं की संचापेक्षा कागदाचं कौतुक जास्त व्हायला लागलं. मला जरा झोंबलं, खोटं कशाला बोलू.

इंजिन तयार झालं की गाडीच्या चाकात हवा भरायचा छोटा कंप्रेसर जोडून ते फिरवायचं. चाक गरगरायला लागलं की मास्तर मागे टेकून विचारायचे, "पास?" आणि मी म्हणायची, "काठावर." दर वेळी हेच. आमच्या लग्नात याहून गोड बोलणं फारसं झालेलं नाही.

संचामागून संच होत गेले आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की मास्तर चुकत नाहीत. पिस्टन बेतशीर उतरवतात, टॅप मोडत नाहीत. मी चिडून म्हटलं, तुम्ही आता माझ्या कामाचे राहिला नाहीत, मला नवशिका हवा. ते हसले. "मग दुसरा नवरा बघ. नवशिका."

बोलाफुलाला गाठ पडली ती अशी.

नंतरच्याच संचात त्यांनी टॅप मोडला. पहिल्या खेपेसारखाच, जोर लावून, पुढे पुढे. मला वाटलं थट्टा करताहेत. मग ते माझ्याकडे बघून म्हणाले की कुठे थांबायचं हे यात लिहायला हवं. कागद त्यांच्याच हातात होता, त्यांनीच लिहिलेला. त्या दिवशी मला फार भीती वाटली.

पुण्याच्या डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि हे आता कमी व्हायचं नाही, वाढतच जाणार, असंही सांगितलं. मी घरी आले आणि ड्रॉइंग काढायला बसले. नियम नियम आहे. चूक ड्रॉइंगची, मास्तरांची नाही. टॅप मोडतो ना? मग सिलिंडरला आटे मीच पाडून देईन. तसा संच केला. मास्तरांनी बांधला, चाक फिरलं, त्यांनी "पास?" विचारलं, मी "काठावर" म्हटलं. मला वाटलं जिंकले मी. डॉक्टरला काय कळतं?

पुढच्या खेपेला त्यांनी वाफेची भोकं भलत्या बाजूला पाडली. मग भोकंही मी पाडून द्यायला लागले. मग त्यांनी पिस्टन हातात धरून हे काय म्हणून विचारलं, तेव्हा पिस्टनही मीच बसवून द्यायला लागले. रात्रंदिवस डोक्यात एकच, यांच्या हाताला अजून काय जमेल? जे जमेल तेवढं ठेवायचं, बाकी माझ्याकडे घ्यायचं. प्रभूला म्हटलं, मला जास्त नको, एक इंजिन यांच्या हातून फिरत राहू दे.

ओतकाम करून देणारा माणूस केडगावचा. त्याच्याकडे मी आता कच्चे तुकडे कमी आणि तयार भाग जास्त मागत होते. तो एकदा तुकडे तोलता तोलता म्हणाला, "बाई, आता गिऱ्हाइकाला इंजिनात करायला राह्यलंय काय?" मी त्याला तुझं काम तू बघ म्हणून झापलं. त्याचं काही चुकलं नव्हतं.

आणि गिऱ्हाइकं? ती खूश! असा सोपा संच कुठे मिळत नाही म्हणून मागणी वाढली. संगमनेरच्या एका निवृत्त बँकवाल्यांनी मुद्दाम फोन केला. बिचारे मनापासून बोलले. "बाई, आमच्यासारख्या अडाण्याचं मन तुम्हाला बरोबर कळतं." मी आभार मानले, फोन ठेवला आणि शेडचं दार लावून ढसाढसा रडले. हा माणूस मास्तरांच्या जाण्याची एक एक पायरी विकत घेत होता आणि मला शाबासकी देत होता. त्याला कुठे माहीत होतं. पण मला त्याचा राग आला, अजून येतो.

या उन्हाळ्यात शेवटचा संच केला. त्याला संच म्हणायची मला लाज वाटते. सगळं इंजिन जोडून तयार. फक्त फ्लायव्हील, म्हणजे ते जड चाक, दांड्यावर सरकवायचं आणि एक स्क्रू आवळायचा. एक स्क्रू. सकाळी ऊन शेडवर यायच्या आत मी मास्तरांना स्टुलावर बसवलं, हातात चावी दिली आणि समोर लसणाचं ताट घेऊन बसले.

चाक त्यांनी सरकवलं. बरोबर सरकवलं. मग स्क्रूला चावी लावली आणि अर्धा फेरा पुढे फिरवली. पाव फेरा मागे. अर्धा पुढे, पाव मागे. स्क्रूला याची काही गरज नसते, तो सरळ आवळायचा. पण ती टॅपची चाल होती. सगळं गेलं होतं आणि हे तेवढं बोटांत राहिलं होतं. मी लसूण तसाच ठेवला आणि बघत बसले.

थोड्या वेळाने मास्तर मान वर करून पत्र्याकडे बघायला लागले. हात चालूच होता. अर्धा पुढे, अर्धा मागे. अर्धा पुढे, अर्धा मागे. स्क्रू होता तिथेच. ऊन पत्र्यावर आलं, शेड तापली, त्यांच्या कपाळावरून घाम गळायला लागला आणि हात काही थांबेना. ते थकलेत हे त्यांना कळत नव्हतं. मला कळत होतं आणि मी नियम पाळत बसले होते. कुणासाठी, कुणास ठाऊक.

मग मी उठले. त्यांच्या हातावर हात ठेवला आणि स्क्रू आवळला. हवा जोडली. चाक फिरलं, छान फिरलं, आवाज न करता.

मी वाट बघत होते. मास्तर फिरणाऱ्या चाकाकडे बघत राहिले. त्यांनी काही विचारलं नाही. मीच म्हटलं, काठावर, मास्तर. तेही त्यांच्यापर्यंत पोचलं नसावं. मी हवा बंद केली. चाक थांबलं तसं त्यांनी इंजिन दोन्ही हातांनी उचललं, उलटंपालटं करून बघितलं आणि माझ्या पुढ्यात ठेवलं.

"कुणाचं आहे हे?" ते म्हणाले. "देऊन टाक त्याला. रडत असेल."

मी म्हटलं, देते.