पात संपेपर्यंत

आम्ही घर सोडलं त्या सकाळी अप्पा, आमचे वडील, आम्हाला निरोप द्यायला घरी थांबले नव्हते. ते पहाटेच शेतावर गेले होते. ज्वारीची काढणी सुरू होती आणि जीप दारात उभी होती, म्हणून दिगू म्हणाला, "अक्का, आपणच बांधावर जाऊन येऊ." दिगू म्हणजे दिगंबर, माझा धाकटा भाऊ. आई आमची लवकर गेली, त्यामुळे त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून सगळं माझ्याच हातून झालं होतं. २००१चा फेब्रुवारी होता. मी ॲरिझोनात चँडलरला नवऱ्याकडे चालले होते आणि दिगूला त्याच गावात सॉफ्टवेअरची नोकरी मिळाली होती. एकाच विमानानं एकाच घरातली दोन्ही मुलं निघाली होती.

आमचं गाव मंगळवेढ्याच्या बाजूचं, काळ्या जमिनीचं. काढणीला माणसं ओळीनं बसतात आणि प्रत्येकजण आपापल्या वाट्याची पट्टी कापत पुढं सरकतो. तिला पात म्हणतात. कापताना भलरी गातात. एकजण ओळ सांगतो आणि बाकीचे मागून झील धरतात, म्हणजे ती ओळ उचलून परत देतात. तेवढ्यात सांगणाऱ्याचा श्वास भरून निघतो. आमच्या शिवारात ओळ सांगायचा मान अप्पांचा होता. त्यात एक नेम होता, आणि तो अप्पांनी कधी मोडलेला मी पाहिला नाही: पात संपल्याशिवाय गाणं थांबवायचं नाही. सांगणारा मध्येच उठला तर हात थांबतात, म्हणायचे, आणि थांबलेला हात परत चालायला वेळ लागतो.

आम्ही बांधावर उभे राहिलो. अप्पांनी आम्हाला पाहिलं, मान हलवली आणि गात राहिले. पात अजून अर्धी बाकी होती. जीपवाला हॉर्न वाजवत होता. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. दिगूनं मात्र पँटचे पाय वर दुमडले, बूट बांधावर ठेवले आणि माणसांच्या ओळीत जाऊन बसला. त्याच्या अंगावर विमानासाठी शिवलेला नवा शर्ट होता. पात संपेपर्यंत तो झील धरत होता. मग अप्पा उठले, विळा खांद्यावर टाकला आणि आमच्याजवळ येऊन एवढंच म्हणाले, "जावा आता. सुगीला या."

हे मी गावाकडं राहिलेल्यांसाठी लिहिते आहे आणि आमच्यासारख्या निघून आलेल्यांसाठीही. दिगूबद्दल बरंच छापून आलं, पण त्यात हा बांध कुठंच नाही.

चँडलर तेव्हा अजून पुरतं शहर झालं नव्हतं. आमच्या अपार्टमेंटच्या पलीकडं कापसाचं शेत होतं आणि वारा फिरला की गोठ्यांचा वास यायचा. मी सोलापूरला मराठीत एम.ए. केलेलं, पण डिपेंडंट व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती, म्हणून लायब्ररीत जाऊन बसायची. दिगू पहिली दीड-दोन वर्षं आमच्याचकडं राहिला. त्यानं एक जुनी गाडी घेतली होती, तिच्या रेडिओवर एकच स्टेशन नीट लागायचं आणि ते कंट्री म्युझिकचं होतं. एका शनिवारी ग्रोसरी आणायला जाताना तो एकदम म्हणाला, "अक्का, ऐक. ही आपल्यासारखीच शेतातली माणसं आहेत. पाऊस, कुत्रं, बाप, सोडून गेलेली बाई. फक्त बैलाच्या जागी ट्रक आहे." मी हसले. मला ती गाणी नाकातली वाटायची. पण त्या दिवसापासून तो स्वयंपाकघरात भांडी घासताना भलरीच्या चालीवर इंग्रजी शब्द बसवायला लागला.

पलीकडचं कापसाचं शेत ज्यांचं होतं त्यांचा मुलगा ट्रॅव्हिस. उंच, लाजरा, दिगूच्याच वयाचा. कुंपणापाशी त्यांची ओळख झाली, कारण दिगू न राहवून एक बोंड तोडून बघत होता. ट्रॅव्हिसकडं गिटार होती. दोघं आमच्या पार्किंगमध्ये गाडीच्या बॉनेटवर बसून वाजवायचे. अनिल, माझा नवरा, चिप बनवणाऱ्या कंपनीतला शिस्तीचा माणूस. तो म्हणायचा, "अरे यार, तू इथं नोकरीला आलास की तमाशात उभं राहायला?" दिगू म्हणायचा, "दाजी, फडात नाच्या कमी आहे, येता का?" अनिललाही हसू यायचं.

मग ते जवळपासच्या बारमध्ये गायला लागले. दिगूच्या व्हिसावर गाण्याचा मोबदला घेता येत नसे, म्हणून तो नुसत्या हौशीनं गायचा. न्यूयॉर्कचे टॉवर पडले त्या सप्टेंबरनंतरचे दिवस होते. सावळ्या रंगाचा माणूस हॅट घालून स्टेजवर आला की लोक आधी गप्प व्हायचे. एकदा मागच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं, गो होम. मी आणि अनिल तिथंच बसलो होतो. दिगू माइकमध्ये शांतपणे म्हणाला की जाणार आहे, सुगीला, तोवर हे ऐका. सुगी म्हणजे काय हे कुणाला कळलं नाही, पण त्याच्या स्वरावर सगळे हसले, तो ओरडणाराही. पुढं प्रत्येक कार्यक्रमात तो हेच वाक्य म्हणायचा.

आणि प्रत्येक वर्षी फोनवर अप्पांनाही तेच. "यंदा सुगीला येतो."

तो गेला नाही. आधी नोकरीतून रजा मिळाली नाही. मग त्यानं नोकरी सोडली, नॅशव्हिलला गेला, तिथल्या रेकॉर्ड कंपनीनं त्याच्यासाठी कलाकाराच्या व्हिसाचे कागद केले आणि ते कागद कुठंतरी अडकले. देशाबाहेर पडला तर परत येता येईल की नाही, हे वकीलही सांगू शकत नव्हता. इकडं त्याचं गाणं वाढत चाललं होतं. कंपनीच्या प्रोड्यूसरनं हॅट काढायला लावली. फिडल, म्हणजे तिकडचं व्हायोलिन, गेलं, ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटार आल्या. पोस्टरवर नाव उरलं नुसतं 'डिग'. फोटो पाहून अप्पांनी विचारलं होतं, "आडनाव कुठं ठेवलं ह्यानं?" ट्रॅव्हिस तेवढा बरोबर राहिला.

त्याचं जे गाणं सगळीकडं वाजलं ते अप्पांच्याच चालीवरचं होतं. शब्द इंग्रजी, रॉकचा ठेका, पण ओळ सांगायची आणि ओळ परत द्यायची, ही रीत तीच. मॉलमध्ये, गॅस स्टेशनवर, शाळेच्या बसमध्ये ते वाजायचं. माझी मुलगी मुक्ता बालवाडीत सांगायची, "दॅट्स माय मामा!" आणि तिच्यावर कुणी विश्वास ठेवायचं नाही.

२००६ मध्ये मी मुक्ताला घेऊन गावी गेले तेव्हा ती सीडी नेली होती. घरात प्लेअर नव्हता. चुलतभाऊ विलासच्या टेंपोत होता. अप्पा ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसले, फेटा काढून मांडीवर ठेवला. गाणं संपलं. त्यांनी परत लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा संपल्यावर म्हणाले, "चाल माझी हाय. झील कोण धरतंय?"

"दिगूच, अप्पा. मशीनवर एकच माणूस पुन्हा पुन्हा म्हणतो, मग सगळे आवाज एकत्र करतात."

"समदं त्योच?"

"हो."

अप्पांनी फेटा पुन्हा बांधला. खाली उतरले. मला वाटलं विषय संपला. मग बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "येवढ्या मोठ्या मुलखात झील धराया एक माणूस घावला न्हाई व्हय त्याला?"

परत आल्यावर मी हे दिगूला फोनवर सांगितलं. तो आधी मोठ्यानं हसला. "अक्का, माणसं आहेत गं," मग म्हणाला, "स्टुडिओत असं क्लीन येतं म्हणून करतात." पण ते त्याला लागलं होतं. त्यानंतर तो कार्यक्रमात ती ओळ अर्धी सोडून माइक लोकांपुढं धरायला लागला. फिनिक्सच्या कार्यक्रमाला मी गेले होते. हजारो माणसं झील धरत होती, छाती दणाणत होती. मी मनात म्हटलं, अप्पा, बघा. कार्यक्रमानंतर स्टेजमागं त्याला हे सांगितलं, तर तो चेहऱ्यावरचा रंग पुसत म्हणाला, "डोळ्यांवर लाइट असतात ना, मला समोर एकही माणूस दिसत नाही. अप्पा पातीकडं बघून गायचे. पुढं किती उरलंय ते त्यांना दिसायचं." त्या दिवशी तो मला फार थकलेला दिसला. मी घरून पिठलं नेलं होतं, ते त्यानं गार झालेलंच उभ्या उभ्या खाल्लं.

२००७च्या हिवाळ्यात कागद आले. दिगूनं पहिला फोन मला केला. फेब्रुवारीच्या शेवटाची तिकिटं काढली होती, एक त्याचं आणि एक ट्रॅव्हिसचं. "अप्पांना सांग, झील धरायला एक माणूस घावला. घेऊन येतोय." ट्रॅव्हिसला तो टूरच्या व्हॅनमध्ये भलरी शिकवत होता. फोनमध्ये मागून ट्रॅव्हिसचा आवाज आला. 'ळ' म्हणताना त्याची जीभ अशी वळायची की आम्ही दोघं बहीणभाऊ हसत सुटलो. अप्पांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "वरच्या वावरातली एक पात ठेवतो त्याच्यासाठी. वाळंल थोडी. पाखरं खातील थोडी. ऱ्हाऊ दे."

दिगू त्या तिकिटाच्या तारखेपर्यंत राहिला नाही. उत्तरेकडच्या एका हायवेवर बर्फ होतं, व्हॅन घसरून उलटली. ट्रॅव्हिसचा हात मोडला. दिगू जागीच गेला. आमच्याकडं संध्याकाळ होती, मुक्ता टेबलावर गृहपाठ करत होती आणि मी कणीक मळत होते. फोन अनिलनं घेतला. तो वळला तेव्हा त्याचा चेहरा पाहून मी हात धुवायला लागले. कणकेच्या हातानं हे ऐकायचं नाही, एवढंच काहीतरी मनात आलं.

गावी सकाळ झाली होती. अप्पा फोन शेतावर नेत नसत, म्हणून मी विलासला कळवलं. पुढचं विलासनं मला नंतर सांगितलं. तो मोटारसायकल टाकून पळत बांधावर गेला. अप्पा काढणीला बसले होते, ओळ सांगत होते. विलासला पाहून त्यांनी हात वर केला, थांब म्हणून, आणि गात राहिले. विलास रडत होता. झील धरणाऱ्या बायकांनी ते पाहिलं, त्यांचे आवाज एकेक करून गळत गेले. शेवटी अप्पा एकटेच सांगत होते आणि एकटेच परत देत होते. पात संपली तेव्हा विळा खाली ठेवून म्हणाले, "सांग आता."

विलासला हे समजलं नव्हतं. तो मला म्हणाला, "अक्का, दगड हाय म्हातारा." मलाही तसंच वाटलं. सात वर्षांपूर्वीचा तो बांध आठवला आणि तोच जुना राग वर आला.

दिगूचं आम्ही इथंच केलं आणि अस्थी घेऊन मी गावी गेले. ट्रॅव्हिसला यायचं होतं, पण डॉक्टरांनी परवानगी दिली नाही. अस्थी भीमेत सोडल्या. तेराव्यानंतर दुसऱ्या सकाळी अप्पा मला म्हणाले, "चल, ती पात राह्यलीय." वरच्या वावरात सगळं कापून झालेलं, मध्ये एकच पट्टी उभी होती. कणसं निम्मी पाखरांनी खाल्लेली. मी विळा कित्येक वर्षांनी धरला होता. दोघं शेजारी बसून कापत निघालो. मी त्यांच्या सुराची वाट पाहत होते. त्यांनी सूर काढला नाही. नुसता कडब्याचा करकर आवाज. पातीच्या टोकाला पोचल्यावर ते मातीत तसेच बसून राहिले आणि माझ्याकडं न बघता बोलले.

"इलासला बघितलं तवाच मला कळलं हुतं. तोंडावरच हुतं त्याच्या. पर त्यानं सांगितलं नव्हतं अजून. पात संपस्तवर माझं पोरगं जितं हुतं, बाई. म्हनून थांबलो न्हाई."

माझा राग तिथंच राहिला, त्या धसकटांत. आणि आम्ही निघालो त्या सकाळी ते का उठले नाहीत, हेही मला कळलं. पात चालू होती तोवर आम्ही त्यांच्या शेतात होतो.

मी चँडलरला परत आले आहे. पलीकडचं कापसाचं शेत विकलं गेलं, तिथं आता एकसारखी घरं आहेत. ट्रॅव्हिसनं गिटार ठेवून दिली. गावी अप्पा काढणीला जातात, पण ओळ सांगायला आता दुसरा माणूस असतो, असं विलास म्हणतो. घर कुठं, असं कुणी विचारलं तर पूर्वी मी गावाचं नाव सांगायची, मग काही वर्षं चँडलरचं. आता विचारणाऱ्यालाच उलट विचारते, तुमचं कुठं?

परवा ग्रोसरी स्टोअरमध्ये भाजी निवडत होते आणि छतातल्या स्पीकरवर दिगूचं गाणं लागलं. तो ओळ सांगतो आणि मागून तोच परत देतो, एकटाच. मी टोमॅटोच्या ढिगापाशी ट्रॉली धरून उभी राहिले आणि हळू आवाजात झील धरली. एक बाई माझ्याकडं बघून हसून पुढं गेली, तिला मी त्याची फॅन वाटले असेन. मुक्तानं माझी बाही ओढली. "आई, लेट्स गो ना. वी आर डन."

"थांब," मी म्हटलं. "पात संपू दे."

तिला पात ठाऊक नाही. पण ती थांबली, ट्रॉलीला टेकून उभी राहिली, आणि थोड्या वेळानं तिनंही माझ्याबरोबर ओळ उचलली.