मीनलची फाईल

कॉलेजच्या संगणक कक्षात नोकरी करताना न उघडणाऱ्या फायली मी रोजच पाहायचो. एका दुपारी मीनलची आई आली. मीनल आमची विद्यार्थिनी; महिन्यापूर्वी तापाचं निमित्त होऊन गेलेली.

"सर, तिचं प्रेझेंटेशन आहे यात. प्रत्येक पानावर तिनं स्वतःचा आवाज भरलाय म्हणे," असं म्हणत त्यांनी रुमालात गुंडाळलेला पेनड्राईव्ह माझ्या हातात दिला.

फाईल उघडेना. 'फाईल खराब झाली आहे' असा चौकोन पडद्यावर आला. त्याखाली एकच बटण होतं, 'ठीक आहे'. नोकरीत ते मी हजारदा दाबलं असेल. वाईट बातमीला याखेरीज दुसरं काही म्हणायची सोयच माणसाला नसते, हे मात्र त्या दिवशी जाणवलं.

दुसऱ्या संगणकावर लावून पाहिलं, फाईल दुरुस्त करणारा प्रोग्राम चालवला. तासाभरानं पानं उघडली. अक्षरं आली होती, चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी होत्या. स्पीकर पूर्ण वाढवला, तरी काहीच ऐकू येईना.

"आवाज गेलाय, काकू," मी म्हणालो.

"असू दे. पानं तरी दाखवा."

मी एकेक पान पुढे नेत गेलो. शेवटच्या पानावर मीनलनं लिहिलं होतं, 'काही प्रश्न असल्यास जरूर विचारा.'

काकूंनी ती ओळ वाचली. मग पडद्याला हात लावून हळूच म्हणाल्या, "ताप अंगावर का काढलास गं? मला सांगायचं होतंस."