पाण्याची रांगोळी

समोरच्या मावशींचा उजवा हात लकव्याने गेला, तशा त्या डाव्या हाताने दारात रांगोळी काढू लागल्या. "मोर काढाय गेले, कोंबडी झाली. कोंबडी तर कोंबडी की," म्हणायच्या आणि तिच्यापुढे ठिपक्यांचे दाणे टाकायच्या. सुनेला ती वाकडी रांगोळी बरी दिसेना. तिने उंबऱ्यापुढे स्टिकर चिकटवलं आणि रांगोळीचा डबा उचलून ठेवला.

काल भर उन्हात मावशी पायरीवर बसून, पाण्यात बोट बुडवून फरशीवर फूल काढत होत्या. एक पाकळी पुरी होईतो आधीची वाळून जायची.

"मावशी, राहतच नाही की हो," मी म्हणाले.

"बरं हाय की. कुणाला पुसाय लागत न्हाय."

एरवी असं काही बोलून त्याच आधी हसायच्या. काल हसल्या नाहीत.