दार ओलांडून परत येणारे काका

काका आमच्या दाराशी कधी सरळ यायचे नाहीत. आधी दार ओलांडून पुढे लिंबापर्यंत जायचे, तिथे वळायचे आणि मग परत येऊन कडी वाजवायचे. मी राहाता गावात नवीन होते तेव्हा आत बसून ती पावलं मोजायचे. कोणीतरी दारावरून जातंय, थांबतंय, परत येतंय. तुम्हीही घाबरला असता.

"काका, दार चुकता का जी रोज?" एकदा धीर करून विचारलं.

"चुकू नये म्हनून तर, पोरी. न्हेमी एकाच बाजूनं यायचं. मग मानूस बरोबर जागेवर थांबतं."

हा नेम त्यांना मशीनने लावला होता, हे मला पुढे कळलं.

मी गोंदियाकडची. शाळा सातवीत सुटली. लग्न होऊन इथे आले, नवरा पोल्ट्रीवर कामाला. दुकानात गेलं की माझ्या 'जी'ला पोरं हसायची, म्हणून मी बोलणंच सोडलं होतं. काका पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, एकटे. त्यांनी आपल्या घरामागची खोली आम्हाला दिली, आणि म्हणाले, "माझा डबा करशील का? तुझ्या गावाकडच्या चवीचा असंल तरी चालंल." त्या एका डब्यापासून माझी मेस उभी राहिली. म्हणून त्यांच्याबद्दल लिहायला बसले की प्रत्येक ओळ दोनदा वाचते. कमी-जास्त लिहिलं जाऊ नये असं वाटतं.

त्यांच्या पडवीत शिलाई मशीनएवढं एक सीएनसी मशीन होतं. कॉम्प्युटरने आकडे सांगायचे आणि त्याने पितळ कोरायचं. पुतण्याने पुण्याहून सुटे भाग पाठवले होते, काकांनी मोबाईलवर बघून बघून जोडले. जाता-येता लोक विचारायचे, "काय काका, इमान बनवताय का?"

"तुझ्या तोंडाचं झाकन बनवतोय," काका म्हणायचे. "माप घ्यायला आत ये."

बनवत होते ते हरभऱ्याएवढं होतं. जुन्या टेपरेकॉर्डरच्या मोटारीवर बसणारी पितळी पुली, टेप किती वेगाने फिरेल ते ठरवणारी. मूळची झिजून गेली होती आणि तसली आता कुठे मिळत नव्हती. एका कॅसेटमध्ये त्यांच्या अक्काचा आवाज होता. आई लवकर गेल्यावर या थोरल्या बहिणीने त्यांना वाढवलं. टेप नवा घेतला तेव्हा काकांनी गंमत म्हणून गुपचूप रेकॉर्डचं बटण दाबलं होतं. भांडी वाजतात, मग अक्का म्हणते, "दूध उतू गेलं वाटतं. आरं, कोन आलंय बघ रं दारात." बस. ती गेल्यावर तेवढंच मागे राहिलं.

पुली जराशी मोठी झाली की अक्का लहान पोरीसारखी चिरकायची. लहान झाली की पुरुषासारखी घोगरी. आणि गोल नसली तर विहिरीच्या तळातून बोलावं तशी हेलकावत यायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी डबा तिथेच टाकून पळाले.

काकांना भीती वेगळीच होती. "मला आता कमी ऐकू येतं. आनि अक्काला आठवायला गेलं की ह्यो चुकीचाच आवाज आठवतो. खरा हुता तो इसरायच्या आत जमलं पायजे. माझ्याबिगर आता कुनाच्याच ध्यानात न्हाई तो."

चूक कुठे होतेय ते ते शोधत राहिले. मशीनच्या स्क्रूत ढिलाई होती. दिशा बदलली की स्क्रू फिरायचा, पण टेबल लगेच सरकायचं नाही. त्यामुळे गोल कापताना चार जागी खाच राहायची. काकांनी नट बदलला आणि प्रत्येक मापाला एकाच बाजूने जायची सवय लावून घेतली. मग भोक मधोमध येईना, कारण अर्ध्यात पितळ सोडून ते उलटं धरत होते. "एकदा धरलं की सोडायचं न्हाई," असं ठरलं. भोक आणि कड, सगळं एकाच पकडीत. सुरुवातीला मशीन रिकामं फिरवून तापू द्यायचं, शेवटचा हात केसाहून बारीक. हे सगळं ते मला सांगायचे, मला समजतंय असं धरून. मला एवढ्या आदराने आधी कोणी काही सांगितलं नव्हतं.

गोलाई बघायला घड्याळासारखी एक डायल होती. एका दुपारी तिचा काटा आपोआप थरथरला. रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली होती. कोणी फरशीवर चाललं तरी काट्याला कळायचं. काकांनी मशीन आणि डायल जाड दगडी लादीवर घेतली. तरी कधी कधी, रस्ता रिकामा, आम्ही दोघं जागच्या जागी, आणि काटा हलायचा. थांबायचा. परत हलायचा.

"काका, कोण चालते जी?"

"अक्का असंल. तिला माझं काम कधी पटलंच न्हाई. तपासाया येती."

ते हसले. मला हसू आलं नाही.

मग एक दिवस मी डबा घेऊन गेले तर ते नवी पुली बसवत होते. "बस," म्हणाले. बटण दाबलं. भांडी वाजली. मी डबा उघडत होते, भाजी सांडू नये इकडे लक्ष होतं. "दूध उतू गेलं वाटतं. आरं, कोन आलंय बघ रं दारात."

मी उठले, दाराकडे गेले, बाहेर डोकावले. कोणी नव्हतं. लिंबाखाली कुत्रं झोपलं होतं. "कोणी नाही जी," असं मी म्हणाले आणि मग अंगावर काटा आला. कोणाला सांगितलं मी?

मागे वळले तर काका डोळे पुसत होते.

"माझ्या कानाचा भरोसा न्हवता, पोरी," ते म्हणाले. "पन तू तिला कधी बघितलंबी न्हाईस, आनि तिनं सांगितल्यावर उठलीस. म्हंजे अक्काच ती."

त्यानंतर त्यांनी मशीन चालवलं नाही. त्याच उन्हाळ्यात, खुर्चीत बसल्या बसल्या गेले. पुतण्याने मशीन नेलं. टेप आणि डायल माझ्यापाशी ठेवली, म्हणाला, "ताई, याचं तुम्हालाच कळतं."

डायल मी दाराजवळ फरशीवर मांडली आहे. परवा दुपारी डबे गेल्यावर घरात एकटी होते. टेप लावला. अक्का स्वच्छ बोलली, शेजारच्या खोलीतून बोलावं तशी. "कोन आलंय बघ रं दारात."

काटा थरथरला. रस्त्यावर ट्रॉली नव्हती, पावलांचा आवाजही नव्हता. दारावरून कोणीतरी पुढे जावं तसा हलत गेला आणि लिंबापर्यंत पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढ्याने थांबला.

मी कडीकडे हात नेला होता. तो मागे घेतला.

काटा परत हलू लागला.