फादर येईपर्यंत

कानेझोने चाळीस वर्षं बंदराच्या धक्क्यासाठी दगड लावले. लावलेल्या दगडावर तो आधी एका पायाने, मग दोन्ही पायांनी उभा राही. दगड किंचित हलला तरी काढून पुन्हा बसवी. मुकादम ओरडायचा, सोबतचे गडी हसायचे. कानेझो म्हणायचा, "हलतोय म्हणजे बसलेला नाही. बसलेला नाही म्हणजे काम झालेलं नाही." अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही त्याचं तेच मत होतं.

निवृत्त झाल्यावर बेटावरच्या छोट्या चर्चची देखभाल त्याने अंगावर घेतली. अकरा घरं उरली होती, तीही म्हाताऱ्यांचीच. फादर निशिमुरा महिन्यातून दोन रविवारी मोठ्या बेटावरून बोटीने येत, शिवाय नाताळच्या आदल्या संध्याकाळी. त्याआधी कानेझो बाकं पुसायचा, खिडक्यांच्या काचा वर्तमानपत्राने घासायचा, भाताच्या पेंढ्याचा गोठा बांधायचा. मारिया, योसेफ, मेंढ्या आधी मांडायच्या. गव्हाणीतलं बाळ मात्र मिस्सा, म्हणजे फादरनी करायची उपासना, झाल्यावरच ठेवायचं, आणि तेही फादरच्या हातून. या क्रमात त्याने कधी बदल होऊ दिला नाही.

त्या वर्षी वीस डिसेंबरला तो पेंढा वळत बसला असताना त्याची वहिनी सुएनो चर्चमध्ये आली. डोक्याचा रुमालही तिने सोडला नव्हता.

"भावजी, ते म्हणतायत फादरना बोलवा."

कानेझोच्या हातातली पेंढी सुटली. 'ते' म्हणजे त्याचा मोठा भाऊ इवाकिची, जन्मभर मासेमारी केलेला. बत्तीस वर्षांपूर्वी एका रविवारी तो चर्चमध्ये आला नाही, आणि मग कधीच आला नाही. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कानेझोने एकदा विचारलं होतं. "तू तुझे दगड बघ," एवढंच उत्तर मिळालं. आता इवाकिचीची छाती पाण्याने भरली होती. डॉक्टरने चार-पाच दिवस सांगितले होते, आणि इस्पितळात जायला इवाकिची तयार नव्हता.

"पापनिवेदनासाठी?" कानेझोने विचारलं.

"दुसरं कशासाठी? मासे विकायला?" सुएनो म्हणाली आणि रडू लागली.

त्याने लगेच फोन लावला. फादर म्हणाले, बावीसच्या बोटीने निघतो. एकवीसच्या दुपारी वायव्येचा वारा सुटला.

बावीसला बोट आली नाही. तेवीसलाही नाही. कानेझो सकाळ-दुपार धक्क्यावर जाऊन उभा राहायचा. तिकीट खिडकीतला हिराता स्वतःच्या लहानपणापासून त्याला ओळखत होता.

"कानेझो-सान, घरी जा. वारा तुमच्याकडे बघून थांबणार नाही."

"चाळीस वर्षं राबून धक्का बांधून दिला. तुम्हांला त्याला एक बोट लावता येत नाही?"

"धक्का उत्तमच आहे. बोट त्याच्यावर आपटून फुटेल इतका मजबूत आहे."

"उद्या?"

"उद्याचं उद्या. चहा घ्या, ओठ निळे पडलेत तुमचे."

त्याने चहा घेतला नाही. घरी येऊन पुन्हा फोन लावला. पापनिवेदन फोनवर होतं का, त्याने विचारलं. ते होत नाही हे त्याला ठाऊक होतं, तरी विचारलं.

"नाही होत," फादर म्हणाले. "पण कानेझो-सान, आपल्या धर्मावर बंदी होती तेव्हा या बेटांवर अडीचशे वर्षं एकही फादर नव्हता. मरणाऱ्या माणसाजवळ बसून तुमच्या आज्या-पणज्या पश्चात्तापाची प्रार्थनाच म्हणत होत्या ना? ती इवाकिचींकडून म्हणवून घ्या. मनापासून म्हटली तर देवाला पुरे. मी पहिल्या बोटीने येतोच."

कानेझोने "हो" म्हटलं. पण त्या आज्या-पणज्यांपुढे दुसरा मार्ग नव्हता. इथे फादर होते, समुद्रापलीकडे बोटीची वाट बघत बसले होते. नुसतं पुरेल एवढंच काम करणं त्याला कधी जमलं नव्हतं.

चोवीसच्या दुपारी तो भावाच्या उशाशी बसला. इवाकिचीला उशांच्या आधाराने बसतं केलं होतं. सुएनोने पायाशी गरम पाण्याची बाटली सरकवली, दोघांकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी आणखी पाणी तापवते. भावजी, तुम्ही बसा इथे." दार ओढून ती गेली.

बाहेर वाऱ्याने कॅमेलियाची झाडं घराच्या भिंतीवर घासत होती.

"काने," इवाकिची म्हणाला. श्वास दोन शब्दांपुरताच टिकत होता. "बोट?"

"नाही आली, दादा. उद्या येईल."

"तूच ऐक मग."

"मी?"

"बत्तीस वर्षं झाली. तोंडात... दगड धरून बसलोय."

ऐकून काय करायचं? क्षमा द्यायचा अधिकार कानेझोला नव्हता. त्याने ऐकलं तर ते नुसतं सांगणं होणार. भाऊ समजणार की काम झालं, आणि ते झालेलं नसणार. शिवाय भीतीही होती. भावाचं पाप एकदा कानात पडलं की ते ठेवायचं कुठे? फादर ते ऐकून देवाकडे देतात. त्याने कुणाकडे द्यायचं?

"थांब दादा," तो म्हणाला. "हे माझं काम नाही. फादर येतील. त्यांनाच सांग, नीट सांग. आत्ता दम वाया घालवू नकोस."

"ऐक रे. तुला सांगितलं तरी..."

"नको. फादर येईपर्यंत धर."

त्याने चक्क भावाच्या ओठांवर हात ठेवला. जोर लावून नव्हे. पण ठेवला.

इवाकिचीने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. हात काढल्यावर तो किंचित हसला. "हलणारा दगड... तू लावणार नाहीस," म्हणाला आणि डोळे मिटले. कानेझोला वाटलं, दादाला पटलं.

संध्याकाळी पाचला अकरा घरांतली नऊ माणसं चर्चमध्ये जमली. मिस्सा नव्हती. गाणी झाली, जपमाळ झाली, कानेझोने शुभवर्तमान वाचलं. पेटी वाजवणाऱ्या म्हातारीने हळूच विचारलं, "बाळ ठेवायचं का?"

"मिस्सा झाली नाही," कानेझो म्हणाला. गव्हाण रिकामीच राहिली.

तो परत आला तेव्हा इवाकिचीच्या छातीतून भांड्यात पाणी खदखदल्यासारखा आवाज येत होता. डोळे उघडे होते, पण कुणावर ठरत नव्हते. कानेझो गुडघ्यावर बसला. पश्चात्तापाची प्रार्थना त्याने भावाच्या कानात सावकाश म्हटली, एकेक ओळ, मागे म्हणायला वेळ देत. ओठ हलले नाहीत. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. अर्ध्यावर त्याचा धीर सुटला.

"दादा, सांग," तो म्हणाला. "मला सांग. ऐकतो मी. जे असेल ते सांग."

इवाकिचीच्या घशातून एक आवाज निघाला. शब्द होता की नुसता श्वास, ते कळलं नाही. कानेझोने कान अगदी ओठांशी नेला आणि तसाच राहिला, पाठ भरून आली तरी. दुसरा आवाज आला नाही. नाताळच्या सकाळी, उजाडता उजाडता, इवाकिची गेला.

सव्वीसला वारा पडला आणि बोट आली. फादर धक्क्यावरून सरळ घरी आले, प्रेताशेजारी बसले, प्रार्थना केली. मग कानेझोने त्यांना बाजूला नेलं आणि त्यांच्यापुढे गुडघे टेकून स्वतःचं पापनिवेदन केलं. भावाच्या तोंडावर हात ठेवला, हे सांगितलं. फादरनी क्षमा दिली. म्हणाले, "त्यांनी मला बोलावलं. देवाने ते बोलावणंच पापनिवेदन म्हणून धरलं असेल. मला त्याची शंका नाही."

"मलाही नाही, फादर. देवाचं देवाकडे पोचलं असेल. पण दादाला मला सांगायचं होतं."

फादरनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. थोड्या वेळाने ते अंत्यविधीच्या तयारीला गेले.

सुएनो स्वयंपाकघरात येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी मोची, म्हणजे रताळं घातलेले भाताचे चिकट वडे, भाजत होती. कानेझो पाणी प्यायला आत गेला. तिने वळून न बघताच विचारलं, "भावजी, त्या दुपारी ते काही बोलले का?"

"कधी?"

"मी पाणी तापवायला गेले तेव्हा. पाणी तापलेलंच होतं. म्हटलं, माझ्यासमोर नाही सांगणार, भावाला सांगतील. बत्तीस वर्षं मीही विचारलं नाही, चर्च का सोडलंत ते. एवढं तरी कळेल, म्हटलं, की माझ्यामुळे होतं की नव्हतं." तिने मोची उलटले. "काय म्हणाले?"

कानेझोने पाण्याचा पेला खाली ठेवला. नुसतं "नाही" म्हटलं तर ते खरं होणार नव्हतं, आणि खरं सांगायला तोंड उघडत नव्हतं.

"सांगत होता," तो अखेर म्हणाला. "मी थांबवलं."

सुएनोचा हात थांबला. मोची जळायला लागले. ते उचलायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.