तेराव्याआधीची कॉट

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून आमच्या दाजींइतका उद्धट माणूस दुसरा सापडणार नाही, हे मी लिहून द्यायला तयार आहे. माझ्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे, हे यजमान. फौजेतून सुभेदार होऊन कोरेगाव तालुक्यातल्या आपल्या गावी परतले, ऊस लावला, आणि हुकूम सोडायला समोर कोणी उरलं नाही म्हणून आजाऱ्यांच्या नातेवाइकांवर ओरडायला लागले. म्हणजे तसं नव्हे. त्यांनी बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या शेडमध्ये एक केंद्र काढलं. डोक्याकडून वर उचलता येणाऱ्या कॉट, हवेच्या गाद्या, व्हीलचेअर, वॉकर, कमोडच्या खुर्च्या, सगळं गरजवंताला फुकट वापरायला द्यायचं आणि गरज संपली की परत आणायचं. पण हे द्यायचं-आणायचं काम दाजी अशा आवाजात करत, की ऐकणाऱ्याला वाटावं घरावर जप्ती आली आहे.

मी सांगलीत एका प्रतिष्ठानाचा व्यवस्थापक आहे. आपल्या भागातले व्यापारी, डॉक्टर, बागायतदार आणि बाहेरगावी नोकरीला गेलेले लोक आमच्याकडे देणगी देतात आणि आम्ही ती दोन्ही जिल्ह्यांतल्या लहान-लहान संस्थांना पोचवतो. कुणाचं पाळणाघर असतं, कुणाची अभ्यासिका, कुणी बहिऱ्या मुलांचा वर्ग चालवतं. दाजींचं केंद्र त्यातलंच एक. नव्या कॉट, दुरुस्ती, गाडीचं डिझेल हे आमच्याकडून जायचं आणि दाजींबद्दलच्या तक्रारी आमच्याकडे यायच्या. त्या मी एकट्याने ऐकायच्या, कारण मी मेव्हणा.

तक्रारी खोट्या नसत. एका घरी वॉकरवर साड्या वाळत घातलेल्या दिसल्या, तर यांनी साड्यांची घडी करून सुनेच्या हातात दिली, वॉकर गाडीत टाकला आणि म्हातारीला विचारलं, "तुमाला चालायचं हाय का दोरी बांधायची हाय?" दुसऱ्या घरी कॉट दारातून आत जाईना, तर यजमान गवंड्याला फोन लावेपर्यंत यांनी चौकट काढून अंगणात ठेवली होती. आमच्या वार्षिक कार्यक्रमात त्यांचा शाल-नारळ देऊन सत्कार केला, तेव्हा माइक हातात घेऊन म्हणाले, "मागल्या साली बी शालच दिली. मी हवेच्या गादीचा पंप मागितला हुता. माझ्या घरात आता शालीच शाली हायत, आनि पेशंटच्या पाठीला जखमा हायत." पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो विनोद वाटला.

पण त्यांचं खरं भांडण होतं ते तेराव्याशी. आमच्याकडे सुतकात घरातली वस्तू बाहेर जाऊ देत नाहीत. आजारी माणूस गेलं की लोक कॉट स्वच्छ धुतात, भिंतीला लावून ठेवतात आणि तेरावं झाल्यावर हळद-कुंकू लावून, वर नारळ ठेवून परत करतात. चोख व्यवहार, कुणाची बुडवायची इच्छा नाही. फक्त ते तेरा दिवस कॉट रिकामी असते आणि शेजारच्या तालुक्यात कुणीतरी भुईवर कण्हत असतं. दाजींना हे सहन होत नसे. तिसऱ्या दिवशी राख सावडून झाली की हे त्या घरी हजर. बूट बाहेर काढायचे, फोटोला नमस्कार करायचा, दोन मिनिटं खाली मान घालून बसायचं, आणि मग विचारायचं, "कॉट कुठाय?" बायका रडायच्या थांबून यांच्याकडे बघत. कुणी बोललंच तर ठरलेलं उत्तर, "गेलेलं मानूस परत येऊन झोपनार हाय व्हय हिच्यावर? जितं हाय त्याला तरी झोपू द्या." मला लाज वाटायची. कशाची वाटायची ते आता आठवलं की स्वतःचाच संताप येतो.

आमच्या एका विश्वस्तांच्या आई वारल्या. कॉट दाजींच्या केंद्राचीच होती. त्याच आठवड्यात पूर्वेकडच्या दुष्काळी भागातून निरोप आला होता की एक म्हातारा मेंढपाळ वाघरात, मेंढरं कोंडायच्या जाळीत, घसरून पडला, खुब्याचं हाड मोडलंय आणि त्याची म्हातारी एकटी त्याला कुशीवर वळवते आहे. बाकी सगळ्या कॉट बाहेर गेलेल्या. दाजी तिसऱ्या दिवशी विश्वस्तांच्या दारात. पुण्याचे पाहुणे बसलेले, गुरुजी आलेले. विश्वस्त म्हणाले, "सुभेदार, तेरावं होऊ द्या, मी स्वतः पाठवतो." दाजी म्हणाले, "साहेब, तुमच्या आईंसाठी कॉट आनली तवा आमी दिवस बघितला न्हाई." आणि ड्रायव्हरला हाक मारून ती उचलली. त्याच संध्याकाळी म्हातारा मेंढपाळ कॉटवर होता.

पुढच्या बैठकीत त्या विश्वस्तांनी मांडलं, की माफीनामा द्यावा आणि तेराव्याआधी कोणतंही साहित्य आणणार नाही असं लिहून द्यावं, नाहीतर केंद्राची मदत बंद. दीड तास बैठक चालली. परंपरा, भावना, संस्थेची प्रतिमा यांवर सगळे बोलले. त्या मेंढपाळाचं काय झालं हे एकानेही विचारलं नाही. मला माहीत होतं, मी सांगू शकलो असतो. मी सगळ्यांना चहा हवा का ते बघत होतो. माफीनामा मीच टाइप केला, आणि त्यात 'अनवधानाने' हा शब्दही मीच घातला.

कागद घेऊन गेलो तेव्हा दाजी शेडमध्ये व्हीलचेअरच्या चाकाला तेल देत होते. त्यांनी वाचला आणि भडकले. "अनवधानानं? मी पुऱ्या शुद्धीत आनली कॉट. पाव्हणं, मी त्या म्हाताऱ्याला भुईवर बघून आलोय. तुमी आलाय का?" मी म्हणालो, मदत बंद झाली तर केंद्रच राहणार नाही. ते मला फौजी हिंदीत बरंच काही बोलले. शेवटी अक्का बाहेर आली. तिनं एवढंच म्हटलं, "सही करा. कॉटा काय तुमच्या बापाच्या न्हाईत. बंद पडलं तर तेरा दिवस नव्हं, कायमचंच भुईवर पडायचं त्यांनी." दाजींनी तिच्याकडे बघितलं, हात पुसले आणि हुद्द्यासकट पूर्ण नाव लिहून सही केली.

त्या दिवसापासून आमच्या दाजींना रीत आली. हात जोडून बोलतात. फोनवर आधी घरच्यांची खुशाली विचारतात. वॉकरवर साड्या दिसल्या तरी काही म्हणत नाहीत. तक्रारी थांबल्या. विश्वस्त मला म्हणाले, "तुमचे दाजी माणसात आले." मी हसलो. त्या हसण्याबद्दल कुणीतरी माझ्या थोबाडीत मारायला हवी होती.

गेल्या महिन्यात हळदीच्या बाजारातल्या एका हमालाची बायको ऑफिसात आली. नवऱ्याचं अर्धं अंग गेलेलं, घर म्हणजे एक खोली, खाली ओल. कॉट कुठंच नव्हती. एकच होती, कोरेगावकडच्या एका घरात, आणि तिथला माणूस दोन दिवसांपूर्वी गेलेला. मी दाजींना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "तेरावं झालं की आनतो." मग मी ठरवलं, आपणच जाऊ.

दुसऱ्या दिवशी गेलो. सोप्यात माणसं बसली होती. कॉट धुऊन भिंतीला लावलेली, माझ्यापासून चार हातांवर. गेलेल्याचा मुलगा माझ्यासाठी सरकून बसला. "कुठनं आलासा?" म्हणाला. सांगलीहून म्हटल्यावर त्याचे डोळे भरून आले, म्हणाला, "लय लांबनं आलासा." शेजारच्या घरातून चहा आला. मी तोंड उघडायचं म्हणून तीनदा घसा साफ केला. आत एक बाई हुंदके देत होती. हे दाजी किती घरांत करत होते ते मला तिथं बसल्यावर कळलं, आणि त्यांना ते कधीच सोपं गेलं नसणार हेही. मी चहा प्यायलो, हात जोडले आणि उठून आलो.

वाटेत अक्काकडे गेलो. दाजी ओट्यावर बसले होते. माझ्या रिकाम्या गाडीकडे बघून म्हणाले, "मागितली न्हाई?" मी मान हलवली. त्यांनी ओरडावं म्हणून मी तसाच उभा राहिलो. पूर्वीचे दाजी असते तर मला धरून परत त्या घरी घेऊन गेले असते. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून अगदी मऊ आवाजात म्हणाले, "अवघड असतंय, पाव्हणं. जेवून जावा."

मी जेवलो. हमाल आणखी दहा दिवस भुईवर होता.